हुपरीचे पैंजण आणि फोटोग्राफीचा कोर्स: एका मावसभावाचं प्रकरण

फोटोग्राफीचा छंद आहे, त्यातच करिअर करायचंय, कुठला कोर्स करू, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की एकदा एक प्रकरण सुरुवातीपासून नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. मी पुण्यात प्रॉडक्ट आणि फूड फोटोग्राफी करते, हाताखाली शिकाऊ मुलंमुली असतात, पण त्यांच्यापेक्षा मला जवळून बघायला मिळालेलं प्रकरण म्हणजे माझ्या मावसभावाचं. त्याला विचारूनच लिहितेय, फक्त नाव देत नाही.

परिस्थिती अशी होती. इचलकरंजी, वय ३१, बी.कॉम., सुताच्या एका व्यापाऱ्याकडे अकाउंट बघायचा, पगार २८ हजार. लग्न झालेलं, मुलगी अडीच वर्षांची, घर काकांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, त्यामुळे भाडं नाही, आणि बँकेत साठवलेले साधारण चार लाख. कॉलेजपासून कॅमेऱ्याचा नाद. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गुलालात न्हालेल्या सासनकाठ्या, पावसाळा संपताना कासची फुलं, थंडीत दाजीपूरला गवे, पंचगंगेच्या घाटावरची सकाळ, हे सगळं वर्षानुवर्षं काढलेलं आणि खरोखर चांगलं काढलेलं. लोक कौतुक करायचे, दोनतीन स्पर्धांमध्ये बक्षीसं मिळाली, आणि मग एका रात्री त्याचा फोन आला, ताई नोकरी सोडतो, मुंबईला वर्षभराचा कोर्स करतो, जरा तूच बोल की पप्पांशी.

काकांचं म्हणणं सरळ होतं. फोटो काढायला शिक्षण कशाला लागतंय, ज्याला येतंय त्याला येतंय, आणि ज्याला येतंय त्यानं सुट्टीच्या दिवशी काढावेत. त्यांना मी चूक म्हणणार नाही, कारण घरात एकच पगार होता. पण 'शिक्षण कशाला' हे मात्र मला पटत नाही आणि तिथे मी त्यांच्याशी बराच वेळ बोलले. प्रसिद्ध फोटोग्राफर रघु राय सिव्हिल इंजिनिअर होते, फोटोग्राफीच्या कॉलेजात गेले नाहीत हे खरं, पण त्यांचे थोरले भाऊ एस. पॉल स्वतः नामांकित फोटोग्राफर होते, म्हणजे शाळा घरातच होती. होमाई व्यारावाला, १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, आपल्याकडच्या पहिल्या महिला फोटोजर्नलिस्ट, त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि कॅमेरा शिकल्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. आपोआप कुणालाच येत नाही. कुणीतरी शेजारी बसून 'हे नीट नाही झालं, परत कर' म्हणणारं लागतं. प्रश्न एवढाच उरतो की ते माणूस कुठे आणि किती पैशात मिळतं.

म्हणून कोर्सचं बोलायच्या आधी मी त्याला त्याचे आवडते वीस फोटो पाठवायला सांगितले. बघताना एक गोष्ट ठळक दिसली, ती त्याच्या कधी लक्षात आली नव्हती. वीसच्या वीस फोटो मिळालेल्या उजेडातले होते, सकाळी लवकरचे नाहीतर संध्याकाळचे. एकाही फोटोत त्याने स्वतः लाइट लावलेला नव्हता. आणि एकही फोटो कुणी सांगितलं म्हणून काढलेला नव्हता. म्हणजे उजेड चांगला असेल तेव्हा जायचं, नसेल तर घरी बसायचं, फोटो जमला तर ठेवायचा, नाही जमला तर डिलीट, कुणाला जाब द्यायचा नाही. छंद म्हणून हे उत्तमच आहे. पण धंद्यात गिऱ्हाईक दुपारी बारा वाजता पत्र्याच्या शेडमध्ये बोलावतं आणि संध्याकाळपर्यंत चाळीस फोटो मागतं, आणि चाळीसच्या चाळीस सारखे लागतात, एकोणचाळीस चांगले आणि एक बरा असं चालत नाही. त्याला जे शिकायचं होतं ते नेमकं हे होतं. नजर त्याच्याकडे होतीच, ती कुठला कोर्स फारशी देतही नाही.

मग पर्याय काढले. बारावीनंतरचा मुलगा असता तर मी सरळ सांगितलं असतं की जे. जे. च्या अप्लाइड आर्टचं बघ किंवा पुण्यातल्या फोटोग्राफीच्या डिग्रीचं बघ, तीनचार वर्षं त्या वातावरणात राहा, त्याला तोड नाही. पदवीनंतर पूर्णवेळ जायचं तर अहमदाबादच्या एनआयडीचा, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचा, गांधीनगर कॅम्पसमधला फोटोग्राफी डिझाइनचा मास्टर्स आहे, दिल्लीला जामिया मिलिया विद्यापीठात पीजी डिप्लोमा आहे, उटीला लाइट अँड लाइफ अकॅडमी २००१ पासून आहे आणि कमर्शियल फोटोग्राफीसाठी तिचं नाव आहे. पुण्यात एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, छोट्या मुदतीचे कोर्स घेतं. आणि बाकी मग गल्लोगल्ली इन्स्टिट्यूट आहेतच. त्याच्या डोक्यात होता तो मुंबईचा कोर्स, फी आणि राहणं-खाणं धरलं तर साठवलेले चार लाख त्यात जात होते आणि वर वर्षभराचा पगारही. म्हणजे वर्षाअखेरीस त्याच्या हातात सर्टिफिकेट असतं, पण कॅमेऱ्याला लेन्स घ्यायला पैसे नसते. मी इतकी वर्षं काम करतेय, एकाही क्लायंटने मला सर्टिफिकेट दाखवा म्हटलेलं नाही, काम दाखवा म्हणतात.

शेवटी ठरलं ते असं. नोकरी चालू ठेवायची, पुण्यात शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा लाइटिंगचा कोर्स करायचा, शुक्रवारी रात्रीच्या एसटीने यायचं, माझ्याकडे राहायचं, रविवारी रात्री परत. खर्च पूर्णवेळ कोर्सच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. आणि तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, तेव्हा कोल्हापुरातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून जायचं, दिवसाचे बाराशे रुपये, लाइटचा स्टँड धरायचा आणि बघायचं. काका याला तयार झाले, त्याच्या बायकोनेही सहा महिने शनिवार-रविवार घर एकटीने सांभाळायची तयारी दाखवली, आणि हे लिहायलाच हवं कारण असल्या गोष्टींत तिचा वाटा कुणी मोजत नाही.

कोर्स निवडताना आम्ही काय बघितलं तेही सांगते. एका बॅचला किती मुलं आणि त्यांच्यात किती लाइट, कारण दोन फ्लॅश आणि पंचवीस मुलं असतील तर तुमच्या हाताला बटन लागणारच नाही. मागच्या बॅचच्या मुलांचं काम बघायला मागायचं, शिकवणाऱ्याचं नाही, शिकवणारा भारी असतोच. वर्गाची वेळ संपल्यावर स्टुडिओ वापरायला मिळतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांचे फोटो भिंतीवर लावून सगळ्यांसमोर त्यावर बोलतात का. एका ठिकाणी आम्ही गेलो तर पहिला अर्धा तास कॅमेऱ्याच्या मॉडेलवरच बोलणं झालं आणि मग हप्त्यावर कॅमेरा घ्यायची स्कीम पुढे आली, तिथून आम्ही उठलो.

पहिले दोन महिने त्याला जड गेले. असाइनमेंट काय, तर पांढऱ्या कपात पांढरं दूध, पांढऱ्या कागदावर. काचेची रिकामी बाटली. काळा बूट काळ्या पार्श्वभूमीवर. जोतिबाचा गुलाल काढलेल्या माणसाला बाटली काढायला लावली तर त्याचा जीव रमेल कसा, तो म्हणायचा ताई ह्यात काय कला आहे. पण याच काळात त्याला पहिल्यांदा कळलं की लाइट वस्तूपासून दुप्पट लांब नेला की उजेड अर्धा नाही, पाव होतो, आणि लाइट जवळ आणला की सावलीची कडा मऊ होते कारण वस्तूच्या मानाने तो मोठा होतो. पुस्तकात हे दोन ओळीत असतं, तो वाचूनही होता. पण स्वतः स्टँड उचलून मागे-पुढे केल्याशिवाय ते अंगात मुरत नाही.

आता या प्रकरणातला खरा भाग, हुपरी.

हुपरी इचलकरंजीपासून अगदी जवळ, हातकणंगले तालुक्यातलं गाव, चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध, विशेषतः पैंजण. घरोघरी कारागिरी चालते आणि माल देशभर जातो. एका कारखानदाराचा मुलगा भावाच्या ओळखीचा, त्याला ऑनलाइन कॅटलॉगसाठी फोटो हवे होते, आधी मोबाइलवर काढायचे आणि व्यापाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे. हा गेला, सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेट्या, लाइटला लावले, फोटो काढले, आणि चांदी आली काळी. म्हणजे करडी, डागाळलेली, जर्मनच्या भांड्यासारखी. कारखानदार म्हणाला माझा माल असा दिसत नाही. आणि तो बरोबरच बोलत होता.

त्याने ते फोटो मला पाठवले आणि पुढच्या शनिवारी एक जोड घेऊनच आला. आम्ही माझ्या टेबलावर तो ठेवला. पॉलिश केलेली चांदी म्हणजे आरसा. तिला स्वतःचा म्हणून रंग फोटोत फारसा येतच नाही, समोर जे असेल ते तिच्यात दिसतं. खोली अंधारी असेल तर चांदी अंधारी. त्याने लाइट पैंजणावर टाकला होता, आणि आरशावर टॉर्च मारला तर एक ठिपका चमकतो आणि बाकी आरसा काळाच राहतो, तसंच झालं होतं. इथे लाइट वस्तूवर मारायचाच नाही, वस्तूला जे दिसतंय त्यावर मारायचा. आम्ही पैंजणाभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू केला, लाइट बाहेरून त्या कागदावर टाकला, कागद उजळला आणि चांदी पांढरी झाली. पण आता ती इतकी पांढरी की कडाच गेल्या, साखळीच्या कड्या एकमेकींत विरघळल्या. मग काळ्या कार्डपेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून तंबूच्या आत एकेक करून उभ्या केल्या. पट्टी जरा सरकवली की कडीच्या काठावर बारीक काळी रेघ उमटायची, अजून सरकवली की जायची. प्रत्येक कडीला आकार येईपर्यंत तो हेच करत बसला होता, जेवायला हाक मारली तरी उठेना.

आणि घुंगरू तर वेगळंच प्रकरण. प्रत्येक घुंगरू हा बाहेरून फुगलेला गोल आरसा, त्याला अख्खी खोली दिसते, कॅमेरा दिसतो, कॅमेऱ्यामागचा माणूस दिसतो, भावाचा पिवळा टीशर्ट दहाबारा घुंगरांत दहाबारा वेळा पिवळा ठिपका होऊन बसला होता. उपाय म्हणजे पांढऱ्या बोर्डाला लेन्सपुरतं भोक पाडायचं आणि त्यामागे उभं राहायचं, तरी लेन्सचा बारीक काळा ठिपका उरतोच, तो एडिटिंगमध्ये काढायचा. खोलीतली ट्यूबलाइट बंद, खिडकीला पडदा, कारण खिडकीतून आभाळाचा निळा आणि बल्बचा पिवळा एकदम आले तर चांदी अर्धी निळी अर्धी पिवळी होते आणि मग ते दुरुस्त करता करता रात्र जाते. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे नंतर रंग जुळवायला करडं कार्ड. हातात सुती मोजे, बोटाचा ठसा मॅक्रो लेन्सला, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सला, नीट दिसतो. आणि रबरबँड लावून ठेवायचं नाही, काही रबरात गंधक असतं, चांदीवर तिथे काळा पट्टा उमटतो. फोकसचंही तसंच, एवढ्या जवळून एफ ११ वरसुद्धा, म्हणजे लेन्सचं भोक बरंच बारीक करूनही, पुढची कडी साफ आणि मागची धूसर येते, अजून बारीक, एफ २२ केलं तर सगळंच किंचित मऊ पडतं, म्हणून फोकस थोडा थोडा मागे नेत आठदहा फ्रेम घ्यायच्या आणि कॉम्प्युटरवर जोडायच्या.

हे सगळं त्याला कोर्समध्ये शिकवलं होतं का? सगळं नाही. पण काचेची बाटली आणि काळा बूट शिकवला होता, आणि मी त्याला एकदाच म्हटलं की बाटली आठव, तर पुढचं बरंचसं त्याने स्वतःच लावलं. माझं कोर्सबद्दलचं मत यावरून पक्कं झालंय. कोर्सने तुमचं नेमकं काम शिकवावं ही अपेक्षाच ठेवू नये, समोर नवीन वस्तू आली तर विचार कुठून सुरू करायचा तेवढं हाताला लागलं तरी फी वसूल.

दुसऱ्या खेपेला कारखानदार खूश झाला आणि दीडशे नगांचं काम दिलं. दर ठरला होता नगाला ४० रुपये, जो भावाने स्वतःच सांगितला होता. दिवसाला ३५ नग व्हायचे, म्हणजे १,४०० रुपये, ते ऐकायला बरं वाटतं, पण एडिटिंगला तेवढाच आणखी एक दिवस जायचा, म्हणजे दिवसाचे ७०० राहिले. मग आम्ही हिशेब मांडला, आणि तो अकाउंटवाला असल्यामुळे मांडायला घेतल्यावर त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं. कॅमेरा, मॅक्रो लेन्स, दोन फ्लॅश, स्टँड, कॉम्प्युटर मिळून तीन लाख, चार वर्षांत झिजणार असं धरलं तर वर्षाला ७५ हजार, महिन्याला सव्वासहा हजार. महिन्यात पैसे मिळतील असे शूटचे दिवस बारा धरले तर दिवसाला पाचशेच्या वर नुसती सामानाची झीज. म्हणजे शूट आणि एडिटिंग मिळून दोन दिवसांचे जे १,४०० तो कमाई समजत होता, त्यातले पाचशेच्या वर नुसतं भांडवलच परत येत होतं, हातात दिवसाला साडेचारशेही उरत नव्हते. नोकरीत पगार हातात येतो म्हणून हे कळत नाही, छंदात कॅमेरा हौसेचा असतो म्हणून कळत नाही. आज तो पांढऱ्या पार्श्वभूमीच्या फोटोला नगाला १५० घेतो, आणि साडीवर, पाटावर, फुलांत मांडून काढायच्या फोटोला ६००. ॲमेझॉनला मुख्य फोटोत पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा साधारण ८५ टक्के भाग भरावा लागतो, असले नियम त्याला पाठ आहेत, आणि गिऱ्हाइकाला त्याचेच पैसे द्यायला जड जात नाही.

फोटोंवरून एकदा वादही झाला. त्याने काढलेले फोटो बाहेरच्या राज्यातल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या कॅटलॉगवर दिसले, हा चिडला, माझे फोटो न विचारता वापरले. पण आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे फोटो कारखानदाराचे, त्याने पुढे दिले तर भावाला बोलायला जागा नाही. तेव्हापासून कोटेशनमध्ये दोन ओळी वाढल्या, फोटो कुठे वापरायचे आणि मला माझ्या पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी. ज्या कोर्समध्ये हे एकदाही निघत नाही तो करिअरचा कोर्स कसा म्हणायचा मला कळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी निघत नाही. जीएसटीचंही तसंच, सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही, पण पोरं घाबरून आधीच एजंटला पैसे देऊन बसतात.

लग्नाचं काम त्याने दोन सीझन केलं आणि सोडलं. सलग मुहूर्त, हळदीपासून पाठवणीपर्यंत उभं राहणं, मग महिनाभर अल्बमसाठी रोज फोन. पैसा त्यातच जास्त आहे हे मी नाकारत नाही, आणि कोल्हापूर भागात तो चोख मिळतो. पण त्याला माणसांच्या गर्दीत हुकूम सोडत फोटो काढणं जमत नाही, तो एका वस्तूपुढे तासभर शांत बसणारा आहे, आणि हे असिस्टंट म्हणून उभं राहिल्यामुळे स्वतःचे पैसे न घालवता कळलं. शिवाय चातुर्मासात लग्नं बंद, चांदीचं काम मात्र दिवाळी-धनत्रयोदशीच्या आधी त्याच महिन्यांत जोरात असतं, म्हणजे ज्यांना दोन्ही झेपतं त्यांच्यासाठी वर्षाचं गणित छान बसतं.

नोकरी त्याने कोर्स संपल्यावर दीड वर्षांनी सोडली, महिन्याला नेमाने काम देणारे तीन कारखानदार झाल्यावर आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकल्यावर. सध्या महिन्याला पगारापेक्षा जास्त येतात, पण सगळे महिने सारखे नसतात, उन्हाळ्यात एक महिना जवळजवळ कोरडा गेला तेव्हा घरात ताण होता.

काही गोष्टी गेल्याही. दाजीपूरला तो गेल्या वर्षी गेलाच नाही. जोतिबाला गेला, पण कॅमेरा न घेता, मुलीला खांद्यावर घेऊन. त्याला याचं वाईट वाटतं का, तर वाटतं, तो स्पष्ट बोलतो. छंदाचं करिअर केलं की रोज आवडीचं काम असं जे सांगतात ते मला खोटं वाटतं, कारण त्याची आवड गवे आणि गुलाल होती, करिअर घुंगरांचं झालं. नजर तीच वापरतोय, विषय बदलला. हे ज्याला मान्य नसेल त्याने नोकरी ठेवावी आणि छंद छंद म्हणून जपावा, त्यातही काही कमीपणा नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा त्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते, पेशाने डॉक्टर, आणि त्यांचे फोटो आजही अभ्यासक बघतात.

आता नवीन प्रश्न एआयचा आहे. एका गिऱ्हाइकाने विचारलं की मोबाइलचा फोटो टाकला की एआय एखाद्या मॉडेलच्या पायात पैंजण घालून देतंय, मग तुला कशाला बोलवू. दोघांनी मिळून करून बघितलं. चित्र सुंदर आलं, पण घुंगरांची संख्या बदलली होती आणि कडीचा नमुना वेगळाच, आणि घाऊक व्यापारी नमुना बघून ऑर्डर देतो, माल वेगळा आला तर परत पाठवतो. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीचं काम सध्या टिकून आहे. मांडणीच्या फोटोंचं मात्र मला सांगता येत नाही, ते कमी होतील असं वाटतं. म्हणून तो आता पायात, गळ्यात घातलेल्या दागिन्यांचे फोटो शिकायचं म्हणतोय, म्हणजे माणसाच्या त्वचेवरचा लाइट आणि चांदीवरचा लाइट एकाच फ्रेममध्ये, जे खरंच अवघड आहे, कारण चांदीला लागणारा मोठा पांढरा उजेड त्वचेला सपाट करतो. त्यासाठी पुन्हा एक छोटा कोर्स बघतोय, पंधरा दिवसांचा. फी विचारलीय, बॅचमध्ये मुलं किती तेही विचारलंय, उत्तर यायचंय.